ट्रायम्फ स्पीड ४००: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पीड ४०० ही मोटारसायकल जुलै २०२३ मध्ये बाजारात आली, तेव्हापासून तिच्याबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात. विचारणारे मात्र फार वेगवेगळे असतात. कोणी स्प्लेंडरवरून थेट हिच्यावर येऊ पाहतोय, कोणी साडेसहाशे सीसीची गाडी विकून हलकं काहीतरी शोधतोय, तर कोणाच्या मुलाने घरात हट्ट धरलाय. इथे प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा देण्याऐवजी त्या त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही गाडी नक्की कोणाची? ट्रायम्फची की बजाजची?

दोघांची. ट्रायम्फ ही ब्रिटनमधल्या हिंक्ली गावची कंपनी. जानेवारी २०२० मध्ये तिने आणि बजाज ऑटोने पुण्यात भागीदारी जाहीर केली आणि त्या भागीदारीतून आलेल्या पहिल्या दोन गाड्या म्हणजे स्पीड ४०० आणि स्क्रॅम्बलर ४०० एक्स. स्पीड ४०० बनते चाकणला. ५ जुलै २०२३ ला भारतातली किंमत जाहीर झाली तेव्हा ती शोरूमला २.३३ लाख होती आणि पहिल्या दहा हजार ग्राहकांना २.२३ लाखांत मिळणार होती. नाव विलायती असूनही एवढ्या किमतीत गाडी मिळाली ती इथेच बनल्यामुळे.

इंजिन ३९८.१५ सीसी, एकच सिलिंडर, पाण्याने थंड होणारं. ८,००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ४० पीएस ताकद आणि ६,५०० आरपीएमला ३७.५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे खेचण्याचा जोर. गिअर सहा, टाकी १३ लिटरची.

२. नेकेड बाईक म्हणजे काय?

जिच्या इंजिनावर प्लास्टिकचं आवरण नाही आणि पुढे वारा अडवणारी मोठी काच नाही, ती. हँडल बऱ्यापैकी वर आणि रुंद असतं, त्यामुळे पाठ जवळपास सरळ राहते. शहरात हे सोयीचं. हायवेवर वारा थेट छातीवर येतो हा त्याचा तोटा, त्याबद्दल प्रश्न १० मध्ये.

३. मी आजवर स्प्लेंडर किंवा स्कूटरच चालवली आहे. ही गाडी मला झेपेल का?

झेपेल, पण तिची ताकद आधी समजून घ्या. स्प्लेंडर साधारण ८ पीएसची, ही ४० ची, म्हणजे पाचपट. स्प्लेंडरवर तुम्ही थ्रॉटल पूर्ण पिळून ओव्हरटेक करता. तीच सवय घेऊन हिच्यावर बसलात तर पुढच्या एसटीच्या मागच्या काचेवरचा मजकूर अपेक्षेपेक्षा फार लवकर वाचता येईल.

नवख्यासाठी जमेच्या बाजू खऱ्या आहेत. खालच्या आरपीएमला इंजिन अंगावर धावून येत नाही. क्लच हलका आहे. ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारं एबीएस दोन्ही चाकांना आहे आणि मागचं चाक घसरू लागलं की इंजिनाची ताकद आपोआप कमी करणारं ट्रॅक्शन कंट्रोलही आहे. याच ताकदीच्या काही गाड्या सहा-सात हजार आरपीएमनंतर एकदम उसळतात, तसं इथे होत नाही.

नवखा माणूस पडतो तो बहुतेक वेळा ब्रेकमुळे. स्कूटरवाल्यांना मागचाच ब्रेक जोरात दाबायची सवय असते. गाडी थांबवण्याचं मुख्य काम पुढची ३०० मिलिमीटरची डिस्क करते. रिकाम्या मैदानात किंवा सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने येऊन पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत दाबायचा सराव करा. लिव्हर झटक्यात आवळू नका, बोटांनी दाब वाढवत न्या. एबीएस जागं झालं की लिव्हर थरथरते. ती थरथर एकदा ओळखीची झाली की खऱ्या प्रसंगी हात घाबरून ब्रेक सोडत नाही. हा सराव न करता पहिल्याच आठवड्यात लोणावळ्याला जाणारे बरेच भेटतात. माझं मत विचाराल तर पहिले दोन महिने शहरातच ठेवा.

४. माझी उंची पाच फूट तीन इंच आहे. पाय पोचतील का?

२०२३ मध्ये आलेल्या गाडीच्या सीटची उंची ७९० मिलिमीटर होती. स्प्लेंडर प्लसची ७८५, रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ची ८०५. म्हणजे उंचीच्या हिशेबात ती स्प्लेंडरच्याच पंगतीत बसते. फरक वजनात आहे. स्प्लेंडर ११२ किलोची, ही २०२३ मध्ये कंपनीच्या आकड्यानुसार १७६ किलोची होती. एका बाजूला झुकली की चौसष्ट किलोंचा तो फरक लगेच कळतो.

दोन्ही टाचा टेकायलाच हव्यात असं नाही. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकत असतील, किंवा एक पाय पूर्ण टेकून दुसरा फूटरेस्टवर ठेवून गाडी स्थिर राहत असेल, तर पुरेसं आहे. शोरूममध्ये नुसतं बसून निर्णय घेऊ नका. इंजिन बंद ठेवून गाडी मागे ढकला, थोड्या उतारावर वळवा, साईड स्टँडवरून उचला. उंचीपेक्षा याच कामांत दम लागतो. तेही बाजारात जाताना घालता तीच चप्पल-बूट घालून करा, ट्रायलसाठी खास उंच बूट नकोत.

५. माझ्याकडे लायसन्स आहेच. वेगळं काढावं लागेल का?

लायसन्सवर काय लिहिलंय ते पाहा. भारतात सीसीनुसार मोटारसायकलची लायसन्सं वेगळी नाहीत. गिअरच्या मोटारसायकलचं लायसन्स असेल तर ही गाडीही चालते आणि हजार सीसीचीही.

गोंधळ होतो तो स्कूटरवाल्यांचा. ज्यांनी फक्त बिनगिअर दुचाकीचं लायसन्स काढलं आहे, त्यांना ही गाडी चालवता येत नाही. फक्त कारचं लायसन्स असलेल्यांनाही नाही. अशा वेळी नवा वर्ग वाढवून घ्यावा लागतो. त्यासाठी पुन्हा शिकाऊ लायसन्स, किमान ३० दिवस थांबणं आणि मग आरटीओची परीक्षा. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. त्या काळात गाडीवर पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावायचा आणि मागे शिकवणाऱ्याशिवाय कोणाला बसवायचं नाही. योग्य वर्गाचं लायसन्स नसताना अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो. दंडापेक्षा ते कितीतरी महाग पडतं.

६. शोरूमची किंमत आणि हातात येईपर्यंतची किंमत यांत एवढा फरक का?

फरक पडतो तो रोड टॅक्स आणि विम्यामुळे, आणि शोरूमची किंमतच मुळात वाढते ती जीएसटीमुळे. तिन्हींत सीसीचा आकडा आडवा येतो.

जीएसटी शोरूम किमतीतच धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींना १८ टक्के आणि त्यावरच्यांना ४० टक्के कर आहे. त्याआधी वरच्या गटाला सेस धरून ३१ टक्के होता. म्हणजे ३४९ सीसीची गाडी स्वस्त झाली आणि ३९८ सीसीची करात महागली. कंपन्या कधी हा बोजा स्वतः उचलतात, कधी ग्राहकावर टाकतात, म्हणून कोटेशन त्या आठवड्याचंच घ्या. दोन वर्षांपूर्वी मित्राने दिलेली किंमत डोक्यात धरून भांडायला जाऊ नका.

रोड टॅक्स महाराष्ट्रात एकदाच भरायचा. ३०० सीसीच्या वरच्या पेट्रोल दुचाकीला शोरूम किमतीच्या १२ टक्के, त्याखालच्या गटाला ११ टक्के. समजा शोरूम किंमत अडीच लाख असेल तर टॅक्स तीस हजार.

विम्यात फरक सगळ्यात जास्त जाणवतो. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे तो १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये आणि ३५० च्या वर १५,११७ रुपये, वर जीएसटी. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा. तो एका वर्षाचा घेतला तरी चालतो आणि तिथे घासाघीस करता येते. शोरूमने दिलेली पॉलिसीच घ्यायला हवी असं बंधन नाही. बाहेरून कोट काढा आणि समोर ठेवा. झीरो डेप (दाव्यात घसारा न कापणारा विमा) पहिल्या वर्षी घ्यावा असं मला वाटतं, कारण नवखा माणूस गाडी पाडतो ती बहुतेक पहिल्याच वर्षी, तीही पार्किंगमध्ये.

‘हँडलिंग चार्जेस’ म्हणून जे लिहिलेलं असतं त्याचा तपशील लेखी मागा. क्रॅश गार्ड, टेफ्लॉन कोटिंग, सीट कव्हर वगैरे नको असेल तर नको म्हणा.

७. ॲव्हरेज किती देते?

नीट चालवली तर लिटरला साधारण २८ ते ३० किलोमीटर धरून चाला. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये त्याहून कमी, मोकळ्या रस्त्यावर ऐंशीच्या आसपास ठेवली तर थोडं जास्त. टाकी १३ लिटरची, त्यामुळे तीनशे किलोमीटर झाले की पंप शोधायला लागावं. मीटरवर दिसणाऱ्या ॲव्हरेजवर विसंबू नका. टाकी काठोकाठ भरून, पुन्हा काठोकाठ भरून, मध्ये झालेले किलोमीटर लिटरने भागा.

८. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इंजिन खराब होईल का?

ही गाडी प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांचा दुसरा टप्पा एप्रिल २०२३ मध्ये लागू झाल्यानंतरची आहे. त्यामुळे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल तिला चालतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घसरणार हे मात्र खरं. दुसरं, इथेनॉल ओलावा शोषतं. पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका. भरलेली टाकी बरी.

९. स्पीड ४०० आणि स्पीड टी४ यांत काय घ्यावं? आणि ड्यूक ३९० किंवा क्लासिक ३५० का नको?

टी४ सप्टेंबर २०२४ मध्ये आली. इंजिन तेच, पण ७,००० आरपीएमला ३१ पीएस आणि ५,००० आरपीएमला ३६ न्यूटन मीटर अशा बेताने लावलेलं. म्हणजे जोर खाली मिळतो, वर नाही. ट्रॅक्शन कंट्रोल आणि पुढचे उलटे फोर्क (जाड नळी वर असलेले शॉकअप) तिच्यावर नाहीत. ऑफिस ते घर, आठवड्यातून एकदा शेतावर, एवढाच वापर असेल तर टी४ मध्ये तुमचं काही अडत नाही. घाटात आणि हायवेवर रमणारे असाल तर किमतीतला फरक भरून स्पीड ४०० घ्या. माझा कल तिकडेच आहे, आणि तो मुख्यतः ट्रॅक्शन कंट्रोलसाठी.

केटीएमची ड्यूक ३९० हीसुद्धा चाकणचीच. २०२३ मध्ये तिचं इंजिन ३९९ सीसीचं झालं, ताकद ४६ पीएस, टॉर्क ३९ न्यूटन मीटर. रंगीत स्क्रीन, राइड मोड, क्लच न दाबता गिअर बदलणारा क्विकशिफ्टर, कमीजास्त करता येणारे शॉकअप, सगळं तिच्यावर आहे. स्पीड ४०० वर यातलं बहुतेक नाही. मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा दाब) तेवढा बदलता येतो, आणि मीटर काट्याचा, बाजूला छोटी डिजिटल पट्टी. ब्लूटूथही नाही. पण ड्यूक सतत तुम्हाला पुढे ढकलत असते. रोज तासभर ट्रॅफिकमध्ये काढणाऱ्याला त्याचा शीण येतो.

क्लासिक ३५० ही वेगळ्याच स्वभावाची गाडी: १९५ किलो, सुमारे २० पीएस, घाईला जागाच नाही. तिथे तुलना कागदावर करून काही हाती लागत नाही. दोन्ही एकेक तास चालवा. प्रश्न ६ मधला कराचा आणि विम्याचा फरकही तिच्या बाजूने जातो, हे विसरू नका.

१०. मी आधीच ६५० सीसी चालवतो. हिच्यावर आलो तर कंटाळा येईल का?

लांब पल्ल्याच्या सरळ रस्त्यावर, हो, थोडा येईल. एका सिलिंडरचं इंजिन आहे. आरपीएम वर गेले की फूटरेस्ट आणि हँडलमध्ये झिणझिण्या जाणवतात, आणि पुढे काच नसल्याने वारा छातीवर येतो. सोलापूर रोडवर तीन तास सलग बसायचं असेल तर दोन सिलिंडरची गाडी जास्त सुखाची.

वळणावर मात्र उलटं होतं. ताम्हिणी किंवा आंबोलीसारख्या घाटात हलकी गाडी वळवायला जो आनंद होतो तो दोनशे किलोच्या वरच्या गाडीवर मिळत नाही. अनुभवी मंडळींना हिच्याकडे ओढणारी गोष्ट हीच. शिवाय कायद्याने दुचाकीला चौपदरी मार्गावरही ताशी ८० चीच मर्यादा आहे, त्यामुळे जास्तीची ताकद नाहीतरी बहुतेक वेळ गॅरेजमध्येच राहते.

साडेसहाशेवरून येणाऱ्यांना चुकेल ती गोष्ट म्हणजे ओव्हरटेकच्या वेळी हाताशी असलेला राखीव जोर. इथे एक गिअर खाली टाकावा लागतो. सवय झाली की तेही बोचत नाही.

११. ट्रॅफिकमध्ये गरम होते का?

पाण्याने थंड होणारं इंजिन असल्याने तापमान काबूत राहतं, पण सिग्नलला पंखा सुरू झाला की गरम हवा पायाकडे येते. मे महिन्यात हे जाणवणारच. जाड कापडाची पँट असली की सुसह्य होतं. कूलंटची पातळी महिन्यातून एकदा इंजिन थंड असताना बघा. कमी झालं म्हणून नळाचं पाणी ओतू नका.

१२. आई आणि बायको मागे बसतील. आई साडी नेसते, एका बाजूला बसते. चालेल का?

साडीगार्ड आणि मागे धरायला दांडी भारतातल्या गाडीवर मिळते. पण मागची जागा लहान आहे आणि फूटरेस्ट जरा वर आहेत. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणाऱ्या सडपातळ माणसाला तासभर ठीक. एका बाजूला बसणाऱ्या व्यक्तीसाठी ही गाडी बनलेलीच नाही, हे स्पष्ट सांगतो. रोज आईला दवाखान्यात न्यायचं असेल तर घरात एक स्कूटर ठेवा.

टेस्ट राइडला मागे बसणाऱ्या व्यक्तीला बरोबर न्या आणि खड्ड्यांच्या रस्त्यावरून चालवा. शोरूमवाले गुळगुळीत रस्त्यावर फेरी मारायला सांगतात. तुमच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर काय होतं तेच खरं. दोघं बसणार असाल तर मागच्या शॉकअपचा प्रीलोड वाढवून घ्या, नाहीतर मागची बाजू बसते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

१३. लहान मुलाला नेता येतं का?

नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी २०२३ पासून वेगळा नियम आहे: मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, मापाचं हेल्मेट आणि वेग ताशी ४० च्या आत. टाकीवर पुढे बसवणं बंद करा, हे मात्र नियमाबाहेरचं माझं सांगणं. जोरात ब्रेक लागला तर मूल हँडलवर आदळतं.

मोठ्यांसाठी: चालक आणि मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट सक्तीचं. नसेल तर हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी लायसन्स निलंबन अशी कायद्यात तरतूद आहे. हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का असायलाच हवा. जून २०२१ पासून बिनशिक्क्याचं दुचाकी हेल्मेट विकणंच बेकायदा आहे.

१४. पावसाळ्यात घाटात चालवताना काय काळजी घ्यावी?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा तो जूनच्या पहिल्या शनिवारी येतो.

पहिल्या दोन-तीन पावसांत रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ वर येते. तेव्हा रस्ता जेवढा निसरडा असतो तेवढा मुसळधार पावसातही नसतो. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, पुलांच्या लोखंडी जोडपट्ट्या आणि वळणावर वाहून आलेली बारीक खडी, यांवरून जाताना गाडी सरळ ठेवा, ब्रेक आणि थ्रॉटल दोन्ही सोडून.

ट्रॅक्शन कंट्रोल बंद करू नका. गाडीला पावसाचा वेगळा मोड नाही, त्यामुळे थ्रॉटल सौम्य ठेवणं तुमच्याच मनगटावर आहे. एबीएस सरळ रस्त्यावर चाक लॉक होऊ देत नाही. वळणात गाडी झुकलेली असताना ते तुम्हाला वाचवेल असं मात्र धरून चालू नका. झुकाव ओळखणारं एबीएस हिच्यावर नाही. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना मारून घ्या.

उतारावर इंजिनाचा ब्रेक वापरा. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच किंवा त्याखालच्या गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवणारे अजूनही दिसतात. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल बंद करून गिअरमध्ये उतरताना पेट्रोल जवळजवळ बंदच होतं, त्यामुळे वाचत तर काही नाहीच, उलट ब्रेक तापतात.

ताम्हिणीत धबधब्याजवळ वळणावरच गाड्या उभ्या असतात, आणि फोटो काढणारे रस्त्याच्या मधोमध. धुक्यात ते दहा फुटांवर आल्यावर दिसतात. हेडलाइट चालू असतोच, पण धुक्यात अपर लावू नका, समोर पांढरी भिंत उभी राहते. निघण्यापूर्वी जिल्हा प्रशासनाची सूचना बघा. वरंध घाटासारखे रस्ते दरडीमुळे पावसाळ्यात बंद केले जातात आणि अडथळा ओलांडून जाणाऱ्याचा विमाही वादात सापडू शकतो.

परत आल्यावर चेनकडे बघा (प्रश्न १६).

१५. एवढी मोठी गाडी आहे, तर एक्सप्रेसवेवर नेता येईल ना?

नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी महामार्ग, अटल सेतू, वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि मुंबईचा किनारी रस्ता, सगळीकडे दुचाकीला बंदी आहे. सीसीचा काही संबंध नाही, हजार सीसीलाही नाही. मुंबईतला ईस्टर्न फ्रीवेसुद्धा त्यातच. नकाशाच्या ॲपवर वाहन म्हणून कार निवडलेली असेल तर ते बिनदिक्कत तुम्हाला तिथे नेऊन सोडतं. आधी दुचाकी निवडा.

मुंबई-पुण्यासाठी जुना हायवेच. बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळावरून जाणारा जुना रस्ता धरा. राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकीला टोल नाही, हा त्यातला आनंदाचा भाग.

१६. सर्व्हिसिंग किती दिवसांनी? १६,००० किलोमीटर खरं आहे का?

खरं आहे, पण अर्धंच वाचलं जातं. पहिली सर्व्हिसिंग साधारण हजार किलोमीटरच्या आसपास. त्यानंतर १६,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते. शहरात वर्षाला सात-आठ हजार चालवणाऱ्याचं वर्ष आधी भरतं, म्हणजे दरवर्षी एकदा. वॉरंटी गाडी आली तेव्हा दोन वर्षांची होती, किलोमीटरची मर्यादा नसलेली. सर्व्हिसिंग चुकवली तर ती वादात जाते.

सर्व्हिसिंगच्या मध्ये चेन तुमच्याच हातात आहे. पाचशे-सहाशे किलोमीटरला साफ करून ल्यूब मारा, पावसात लवकर. रॉकेल चालतं, पेट्रोल नको, चेनमधल्या रबरी रिंग खराब होतात. गाडीला डबल स्टँड नाही, त्यामुळे मागचं चाक उचलायला पॅडॉक स्टँड लागतो. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसायची पद्धत काही गॅरेजमध्ये दिसते. त्यात बोटं जातात. हाताने चाक फिरवा.

१७. बॅटरी बसली तर ढकलून सुरू होते का? किक तर नाही.

बॅटरी अशक्त असेल तर होऊ शकते, पूर्ण मेलेली असेल तर नाही. पेट्रोल पंप आणि इंजिनाच्या कंप्युटरला वीज लागतेच. मीटर उजळत नसेल तर ढकलून दमू नका, दुसऱ्या बॅटरीवरून जंप द्या किंवा रोडसाइड मदत बोलवा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं चालवा. नुसती उभ्या उभ्या चालू करून फारसा उपयोग होत नाही.

१८. पंक्चर गावातल्या माणसाकडून काढता येईल का?

टायर ट्यूबलेस आहेत, दोन्ही १७ इंची; २०२३ च्या गाडीला पुढचा ११०/७० आणि मागचा १५०/६० होता. पट्टी मारून पंक्चर कुठेही निघतं. टायर रिमवरून काढायची वेळ आली तर मात्र साध्या पाना-पट्टीने काढू देऊ नका, अलॉयला ओरखडे जातात. प्लग किट आणि छोटा पंप सीटखाली मावत नाही, बॅगेत ठेवा.

१९. सायलेन्सर बदलला तर चालतं का? मित्र म्हणतो डीबी किलर (आवाज कमी करणारी आतली नळी) असेल तर पोलीस सोडतात.

मित्राला पावती फाडायला सांगा. गाडीत बेकायदा बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी कायद्यात तरतूद आहे. पुणे, मुंबई, नागपूर पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोलर फिरवल्याचे फोटो दर थोड्या दिवसांनी छापून येतात. वॉरंटीचा प्रश्न वेगळाच. हँडल ग्रिप, सीट, मागची बॅग, असल्या गोष्टींना हरकत नाही.

२०. सेकंडहँड घ्यायची आहे. काय बघावं?

गाडी थंड असताना जा. मालकाने आधीच चालू करून ठेवली असेल तर थंड होईपर्यंत चहा घ्या. पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ आहे का, रिमला खड्ड्याचा मार आहे का, हँडल सरळ सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, चेनच्या चक्राचे (स्प्रॉकेटचे) दात टोकदार झालेत का, हे बघा. सर्व्हिसिंगचा इतिहास अधिकृत केंद्राकडून मागा.

कागदांत: नंबर टाकून चलनं तपासा. कर्जावर घेतलेली असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. विमा १४ दिवसांच्या आत तुमच्या नावावर करून घ्या. ‘नंतर करू’ म्हणणाऱ्या मालकाला पूर्ण पैसे देऊ नका.

२१. गोव्यात किंवा दुसऱ्या राज्यात घेऊन महाराष्ट्रात चालवली तर स्वस्त पडेल का?

तिथला पत्ता तुमचा असेल आणि गाडी तिथेच राहणार असेल तर घ्या. महाराष्ट्रात बारा महिन्यांहून जास्त ठेवणार असाल तर इथे पुन्हा नोंदणी करावी लागते: तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला टॅक्स, मग तिकडचा परतावा मिळवण्याची धावपळ. वाचवलेले पैसे यातच जातात.

बदलीची नोकरी असणाऱ्यांना बीएच नंबर (सगळ्या राज्यांत चालणारी ‘भारत’ मालिकेची नोंदणी) हा चांगला मार्ग आहे. तो सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांना मिळतो, आणि ज्या खासगी कंपनीची कार्यालयं चार किंवा अधिक राज्यांत आहेत तिथल्यांनाही. दहा लाखांखालच्या गाडीला ८ टक्क्यांच्या हिशेबाने कर दोन-दोन वर्षांचा भरायचा. पंधरा वर्षं एकाच शहरात राहणार असाल तर त्याचा काही उपयोग नाही.

२२. मुलगा इंग्लंडला शिकायला आहे. तिथे ही गाडी त्याला चालवता येईल का?

तिथे भारतासारखं सरसकट लायसन्स नाही. ए२ नावाचा मधला वर्ग असतो, कमाल ३५ किलोवॉट आणि किलोमागे ०.२ किलोवॉटपर्यंतच्या गाड्यांसाठी. स्पीड ४०० सुमारे २९ किलोवॉटची आणि तिथल्या आकड्यानुसार १७० किलोची, त्यामुळे ती त्यात आरामात बसते. ब्रिटनमध्ये ए२ साठी वय किमान १९ लागतं. इथलं लायसन्स तिथे किती दिवस चालेल हे तो तिथे कुठल्या नात्याने राहतोय यावर ठरतं. गाडी घेण्याआधी तिथल्या लायसन्स कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्याने स्वतः खात्री करावी, आणि विम्याचा कोट आधी काढावा. वीस वर्षांच्या मुलाला तिथे गाडीपेक्षा विमाच घाम फोडतो.